अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर नव्या सेटआधी ग्रिप बदला

प्रश्न थोडक्यात असा: "वय ६२, पुण्यात राहते, बँकेतून निवृत्त. आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळते, उजव्या हाताने. वर्षभरापासून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या पेरांत दुखतं. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले सांध्यांची झीज आहे. खेळायला मनाई केलेली नाही. क्लब यजमानांचे जुने, स्टीलच्या शाफ्टचे. मैत्रिणी म्हणतात, सरळ नवा लेडीज सेट घे. घेऊ का, की खेळच थांबवू?"

ताई, खेळ थांबवू नका आणि नवा सेटही लगेच घेऊ नका. क्लब मापात बसवून देणं, ग्रिप (हातात धरायची रबरी मूठ) आणि शाफ्ट (क्लबची दांडी) बदलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि पन्नाशी-साठीपुढचे हात सतत माझ्यासमोर येतात. त्यात वारंवार दिसणारी गोष्ट आधीच सांगतो. क्लब जुना झाला म्हणून हात दुखतो असं थोड्यांच्या बाबतीत असतं. बहुतेकांचा हात दुखतो तो क्लब सुटू नये म्हणून ते आवळून धरतात म्हणून. त्यामुळे खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी ग्रिप, मग बॉल आणि सरावाची जागा, मग शाफ्ट, आणि क्लबचं डोकं, म्हणजे बॉलला लागतो तो भाग, सगळ्यात शेवटी. दुकानात आपलं लक्ष नेमकं डोक्याकडे आधी जातं, म्हणून हे घरून ठरवूनच निघा.

अंगठ्याचं आधी बोलू, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. अंगठा जिथे मनगटाला मिळतो तिथे खोगिराच्या आकाराचा एक लहान सांधा आहे. अंगठा सगळीकडे फिरतो तो याच्या जिवावर, आणि म्हणूनच तो लवकर झिजतो. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये तर ही तक्रार फारच नेहमीची. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार पडतो, आणि मूठ जोरात आवळली तर तो १०० किलोच्याही पुढे जाऊ शकतो, असा हिशेब हाताच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनी १९७७ मध्येच मांडला होता. म्हणजे पकड थोडी सैल झाली की सांध्यावरचा भार त्याच्या कितीतरी पट उतरतो. ग्रिपवर मी इतका भर देतो तो यासाठीच.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा अंगठा शाफ्टवर लांब पसरलेला असतो आणि त्याच्यावर उजव्या तळव्याचा दाब असतो. बॅकस्विंगच्या, म्हणजे फटक्याआधी क्लब मागे-वर नेण्याच्या, टोकाला क्लब मागे कलतो तेव्हा त्याचं वजन पेलायला हाच अंगठा खाली येतो. तुमच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचंही कारण उघड आहे. तर्जनी आणि मधलं बोट ग्रिपच्या सगळ्यात बारीक भागावर असतात, त्यामुळे ती जास्त वाकतात, आणि बॉल लागतानाचा धक्का त्यांनाच पहिल्यांदा पोचतो.

तुम्ही किती आवळता हे घरीच पाहता येईल. सात नंबरचं आयर्न (चपट्या धातूच्या डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब) नेहमीसारखं धरा आणि नखं बघा. नखांचा गुलाबी रंग जाऊन टोकं पांढरी पडली असतील तर पकड गरजेपेक्षा घट्ट आहे. मग जुने ग्लोव्ह काढा. करंगळीखालच्या गादीवर भोक पडलं असेल तर क्लब बोटांऐवजी तळव्यात धरला जातोय आणि प्रत्येक स्विंगला तो तिथे घसरतोय. घसरतो म्हणून आवळावा लागतो. अंगठ्यावरच कातडं झिजलं असेल तर अंगठा ग्रिपवर जोराने दाबला जातोय. माझ्याकडे कुणी आलं की क्लब बघायच्या आधी मी ग्लोव्ह मागतो. माणूस सांगायचं विसरतो ते त्यात दिसतं.

आता ग्रिप. यजमानांचे क्लब जुने म्हणता, म्हणजे ग्रिपही बहुधा तितक्याच जुन्या असणार. रबर वापरून, उन्हाने आणि हाताच्या घामा-तेलाने कडक आणि गुळगुळीत होतं. बॅग गाडीच्या डिकीत राहत असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात हे आणखी लवकर होतं. ग्रिपवर अंगठा दाबून सरकवून बघा. नवी ग्रिप बोटाला धरते, जुनी चकाकते आणि बोट सरकतं. अशा ग्रिपवर जगातला कुठलाही माणूस क्लब हलक्या हाताने धरू शकणार नाही. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशने घासा आणि वाळवा. वरचा तेलकट थर निघाला तर काही दिवस फरक पडतो. कडक झालेलं रबर मात्र मऊ होत नाही, ते बदलावंच लागतं. नियमित खेळणाऱ्याने वर्षाला एकदा ग्रिप बदलाव्यात, आणि हात दुखत असेल तर त्यात चालढकल नको.

जाडीबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे अर्धवट सल्ले फार मिळतात. पुरुषांच्या स्टँडर्ड ग्रिपपेक्षा मिडसाइझ १/१६ इंचाने, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते. जंबो १/८ इंचाने, म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडी जास्त. ग्रिपखाली दुहेरी चिकटपट्टीचा एकेक जादा थर दिला की व्यास साधारण १/६४ इंचाने, ०.४ मिलिमीटरने वाढतो. आकडे किरकोळ वाटतात, पण हाताला एका थराचाही फरक कळतो. ग्रिप जाड झाली की बोटं कमी वाकतात आणि तेवढ्याच धरण्याला जोर कमी लागतो. संधिवाताच्या रुग्णांना जाड मुठीचा चमचा किंवा पेन देतात, त्यामागचं कारणही हेच.

पण जाड म्हणजे चांगलं आणि आणखी जाड म्हणजे आणखी चांगलं, असं नाही. हात लहान असेल आणि जंबो बसवली तर अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ताणली जाते, आणि तुमचा दुखरा सांधा नेमका त्या ताणाने जास्त दुखतो. शिवाय बोटं पुरती वळत नाहीत, मग क्लब फिरू नये म्हणून पुन्हा आवळणं आलंच. माप असं बघा: डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली तर माप नेहमीच्या हातासाठी बरोबर. सांधे दुखत असतील तर टोकं आणि गादी यांत काडेपेटीतल्या काडीइतकी फट असावी. बोटं गादीत रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. बायकांच्या बहुतेक हातांना पुरुषांची स्टँडर्ड, किंवा तिच्याखाली दोन-तीन जादा थर, फार तर मिडसाइझ, इथे काम होतं. लांब बोटांच्या बाईला जंबोही चालेल. हात बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही.

मैत्रिणींच्या सल्ल्यातली अडचण इथेच आहे. लेडीज सेटचे शाफ्ट ग्रॅफाइटचे आणि हलके असतात, ते तुम्हाला हवेतच. पण त्यावर येणाऱ्या ग्रिप पुरुषांच्या स्टँडर्डपेक्षा बारीक असतात. लहान हाताला लहान ग्रिप हे निरोगी हातासाठी ठीक, झिजलेल्या सांध्याला ते उलट पडतं. शाफ्टने कमावलेलं ग्रिप घालवते, आणि "नवा सेट घेऊनही दुखतंच" असं म्हणत माणूस येतो. तेव्हा पुढे कधी लेडीज सेट घेतलात तर पहिल्या दिवशीच ग्रिप बदलून घ्या.

खर्चाआधी करून बघायचा एक सोपा उपाय आहे. खेळाच्या दुकानात टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळायची पातळ ओव्हरग्रिप मिळते. ती फक्त सात नंबरच्या आयर्नवर एक थर गुंडाळा. कडा एकमेकींवर थोड्या चढल्या की जाडी मिडसाइझच्या जवळ जाते. आठ आणि सहा नंबर तसेच राहू द्या. मैदानावर तिन्ही आलटून पालटून वापरा आणि संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते बघा. खेळताना शरीर गरम असतं, तेव्हा झीज बोलत नाही. ही फक्त चाचणी आहे, कायमची सोय नव्हे, कारण गुंडाळी सरकते आणि उंचसखल होते.

ग्रिप कशाची घ्यावी? सुताचे धागे विणलेली, हाताला खरखरीत लागणारी कॉर्ड ग्रिप तुमच्यासाठी नाही. घामात ती छान धरते, पण कडक असते. मऊ पॉलिमरच्या ग्रिप, उदाहरणार्थ विन कंपनीच्या, हाताला सगळ्यात सौम्य लागतात. मात्र त्या लवकर झिजतात. मऊ रबराच्या, गोल्फ प्राइडच्या सीपी२ सारख्या, मधल्या वाटेच्या: थोड्या कमी मऊ, पण टिकाऊ आणि चिकट. मऊपणा आणि चिकटपणा यांतलं एकच मिळत असेल तर मी चिकटपणा निवडायला सांगेन. नुसती मऊ ग्रिप धक्का शोषते, चिकट ग्रिप आवळणंच कमी करते. आणखी दोन गोष्टी विक्रेत्याला ठासून सांगा. एक, ग्रिप पूर्ण गोल हवी. काहींच्या पाठीवर उभा कंगोरा असतो, तो अंगठ्याच्या मुळाशी टोचतो. दुसरी, बोटांच्या खाचा पाडलेली सरावाची ग्रिप नको. हाताच्या आकाराला घडवलेली ग्रिप नियमांत बसत नाही आणि दुखऱ्या बोटांना ती एकाच जागी डांबून ठेवते.

तुमच्या उजव्या हातासाठी खास सांगायचं ते हे. साधारण ग्रिप वर जाड आणि खाली निमुळती असते. उजवा हात खाली, म्हणजे बारीक भागावर, आणि तुमची दुखरी दोन बोटं सगळ्यात खाली. ग्रिप बसवताना खालच्या निम्म्या भागात चिकटपट्टीचे तीन-चार जादा थर द्यायला सांगा. निमुळतेपणा जातो आणि ग्रिप वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी लागते. काही कंपन्या तयारच अशी ग्रिप बनवतात. गोल्फ प्राइडच्या नावात 'प्लस ४' असतं ती हीच. बोटांच्या पेरांतल्या दुखण्यावर एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी दुसरा बदल मला माहीत नाही.

ग्रिप बसवताना शक्य असेल तर समोर उभ्या राहा. जुनी ग्रिप आकड्यासारख्या वळलेल्या पात्याने उभी चिरून सोलतात, खालची जुनी पट्टी खरवडून काढतात, नवी दुहेरी पट्टी गुंडाळतात, द्रावण ओततात आणि ग्रिप एका दमात सरकवतात. सगळं काही मिनिटांचं काम. पहिला एकच क्लब करून घ्या, पट्टी वाळेपर्यंत काही तास थांबा, धरून बघा, मग बाकीचे. एक थर जास्त की कमी हे पहिल्या क्लबवर ठरवता येतं. सगळे बसवल्यावर बदलायचे तर सगळ्या ग्रिप पुन्हा कापाव्या लागतात. जाड ग्रिप वजनाने जड असली तर क्लबचं डोकं हाताला हलकं लागतं. ग्रिपमध्ये ५ ग्रॅम वाढले की साधारण एका स्विंगवेटचा, म्हणजे डोकं हाताला किती जड लागतं त्या मापातल्या एका पायरीचा, फरक पडतो. जड ग्रिपने डोकं कुठे आहे ते कळेनासं झालं तर हलकी जाड ग्रिप मागा, तीही मिळते.

जाड ग्रिप म्हणजे आजारी माणसाची सोय, असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. व्यावसायिक गोल्फपटू ब्रायसन डीशँबो अतिजाड जंबोमॅक्स ग्रिप वापरतो आणि त्याने २०२० आणि २०२४ ची यू.एस. ओपन जिंकली आहे. जाड ग्रिपने मनगट कमी वळतं आणि बॉल उजवीकडे जातो, असंही ऐकाल. काहींचा जातो, काहींचा जात नाही. तुमचा जातोय का ते त्या सात नंबरच्या चाचणीत दिसेलच.

ग्रिपबरोबर पकडीचाही विचार करा, त्याला पैसा लागत नाही. बहुतेकजण उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवतात किंवा तिच्यात अडकवतात. अडकवलेली पकड दुखऱ्या बोटांना वाईट, कारण दोन पेरं एकमेकांत पिळली जातात. दहाही बोटं ग्रिपवर ठेवायची पकड बघा. तिने भार दहा बोटांत वाटला जातो. तुमच्या प्रशिक्षकाला डावा अंगठा आखूड ठेवायला शिकवायला सांगा, म्हणजे तो लांब न पसरता थोडा वर ओढून. अंगठ्यावर येणारं क्लबचं वजन त्याने चटकन कमी होतं. पहिले काही दिवस परकं वाटेल, तेवढं सोसा.

आता बॉल आणि सराव. बॉल क्लबला चिकटून असतो तो सुमारे अर्धा मिलिसेकंद. धक्का हाताला जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो, आणि हातात येतो तो क्लबचा थरथराट. व्यावसायिकांचे बॉल ९० ते १०० कंप्रेशनच्या आसपास असतात. कंप्रेशन म्हणजे बॉलच्या कडकपणाचं माप, आकडा लहान तितका बॉल मऊ. कॅलवेचा सुपरसॉफ्ट ४० च्या आसपास, श्रिक्सनचा सॉफ्ट फील या दोन्हींच्या मध्ये. तुमच्या स्विंगच्या वेगाला मऊ बॉलने अंतर फारसं जाणार नाही आणि फटका हाताला सौम्य लागेल. ग्रिपइतका मोठा फरक हा नाही, पण स्वस्तात मिळणारा आहे. तळ्यातून काढून विकलेले मिसळीचे बॉल मात्र बंद करा. त्यात कुठला बॉल किती कडक हे कळत नाही, मग हात कशाने दुखला हेही कळत नाही.

सरावाच्या जागेबद्दल मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडच्या बऱ्याच ड्रायव्हिंग रेंजवर पातळ चटई थेट सिमेंटवर टाकलेली असते. क्लब बॉलच्या जरासा मागे पडला की खाली सिमेंट आणि धक्का सरळ मनगटात. गवतावर तोच फटका जमिनीत विरला असता. सरावाला घेतलेल्या बॉलच्या एका बादलीत असे कितीतरी फटके बसतात. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं मैदानावर नव्हे, रेंजवर वाढलेलं असतं. गवताची रेंज शोधा. नाहीच मिळाली तर चटईवर प्रत्येक बॉल, आयर्नचासुद्धा, रबरी टीवर (बॉल उंच ठेवायच्या खुंटीवर) ठेवून मारा आणि बादली अर्धीच घ्या. मे महिन्यात पुण्याचं मैदानही कडक होतं, तेव्हा बॉल उचलून चांगल्या गवतावर ठेवायची मुभा स्थानिक नियमात असेल तर ती जरूर घ्या. मित्रमंडळींच्या खेळात तर नियमाचीही वाट बघू नका.

इतकं करून महिना-दोन महिने खेळा. दुखणं उतरलं पण पुरतं गेलं नाही, तर शाफ्टकडे वळा. पुरुषांच्या आयर्नमधला जड स्टीलचा शाफ्ट १३० ग्रॅमपर्यंत असतो, हलका स्टील ९५ च्या आसपास. ग्रॅफाइटचे ५० ते ८० ग्रॅममध्ये मिळतात. हा वजनाचा फरक बॅकस्विंगच्या टोकाला थेट तुमच्या डाव्या अंगठ्यावर येतो. दुसरं म्हणजे स्टील चुकलेल्या फटक्याचा थरथराट जसाच्या तसा वर पाठवतं, कार्बनचे धागे आणि रेझिन तो वाटेतच बराचसा जिरवतात. लवचीकपणा 'एल' किंवा 'ए' घ्या, म्हणजे लेडीज किंवा सीनियर. यजमानांचा 'आर' किंवा 'एस', म्हणजे रेग्युलर किंवा स्टिफ, तुमच्या वेगाला ताठ पडतो, आणि ताठ शाफ्टने अंतर काढायला माणूस जोर लावतो. जुन्या डोक्यांत नवे शाफ्ट बसवता येतात, पण जुन्या सेटवर तेवढा खर्च करण्यात बहुधा अर्थ नसतो. चांगल्या अवस्थेतला वापरलेला ग्रॅफाइटचा सेट बघा. घेताना शाफ्ट डोक्यात शिरतो तिथे नख फिरवून तडा किंवा सोललेला भाग नाही ना ते पाहा. ग्रॅफाइट तिथेच आधी दगा देतं.

डोक्याबद्दल थोडक्यात. वजन कडांना वाटलेलं, मागून पोकळ, रुंद तळाचं डोकं घ्या. बॉल मधोमध न लागता कडेला लागला तर डोकं हातात कमी वळतं, आणि कडेला लागलेल्या फटक्याचीच झणझण बोटांत जास्त जाते. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९५९ मध्ये पिंग कंपनीच्या पहिल्या पटरमध्ये (बॉल भोकाकडे ढकलायच्या क्लबमध्ये) वजन दोन टोकांना वाटलं, तीच कल्पना पुढे आयर्नमध्ये आली आणि आज सगळेच वापरतात. तीन, चार, पाच नंबरची आयर्न बॅगेतून काढाच. त्यांच्या जागी सात आणि नऊ नंबरचे वुड (मोठ्या गोलसर डोक्याचे क्लब) किंवा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधले) ठेवा. ते जमिनीत न रुतता सरकतात. वेजचा (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबचा) बाउन्स, म्हणजे तळाचा जमिनीत रुतू न देणारा कोन, १२ अंशांच्या पुढचा असू द्या, त्याच कारणासाठी. नियमाने १४ क्लब नेता येतात, नेलेच पाहिजेत असं नाही. दहा-अकरा क्लबांत तुमचा खेळ छान होईल.

पटरची ग्रिप तुम्ही बेलाशक जाड घ्या. पटिंगला मनगट शांत हवं असतं, त्यामुळे सुपरस्ट्रोकसारखी जाड ग्रिप खेळालाही पोषकच. पटरची ग्रिप गोल असायचं बंधन नाही, समोरून सपाट असली तरी नियमात बसते आणि अंगठे त्यावर आरामात टेकतात. टोकाला रबरी कप लावला की भोकातून बॉल उचलायला वाकायला नको, बोटांची चिमटही वाचते.

ग्लोव्ह दोन्ही हातांत घाला, नियमाला चालतं. जाड गादीचे, उदाहरणार्थ हाताच्या शल्यचिकित्सकाने रचलेले बायोनिकचे, काहींना मानवतात. गादीने ग्रिपची जाडीही वाढते, म्हणून ग्रिपचं माप हाच ग्लोव्ह घालून घ्या. पावसाळ्यात रेन ग्लोव्हची जोडी बॅगेत हवीच. ओलं झाल्यावर ते उलट जास्त धरतात, आणि जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईत हात सगळ्यात जास्त आवळला जातो तो ओल्या ग्रिपमुळे. क्लब हाताला पट्ट्याने बांधणारे ग्लोव्ह स्पर्धेत चालत नाहीत. अंगठ्याला दुखण्यासाठी पट्टी लावायला नियमाची हरकत नाही. सांधा जखडून स्विंगला मदत होईल इतकी मात्र नको. घरकामात अंगठ्याचा मऊ आधारपट्टा वापरायचा का, हे हाताच्या थेरपिस्टला विचारा. खेळ दोन दिवसांचा आणि पोळ्या-भाजी, पिळणं, झाकणं उघडणं रोजचं. आराम तिथेही द्यावा लागेल.

तांब्याच्या कड्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण क्लबात कुणीतरी सुचवेलच. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांवर तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे तपासले, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. वेदना किंवा सूज यांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. घालायचं तर हौसेने घाला, ग्रिपचे पैसे त्यात घालू नका. त्यापेक्षा टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवा आणि सहाऐवजी आठची वेळ मागून घ्या. बॅग उचलणं, छत्री धरणं, पाण्याच्या बाटलीचं झाकण, ही कामं कॅडीला सांगायला संकोच करू नका.

आणि एक गोष्ट सामानाने सुटणारी नाही. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल तर ती बहुधा झीजच. तो तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांचे तेच सांधे सुजत असतील, गरम लागत असतील, किंवा रात्री बोटं बधिर होत असतील, तर माझ्याकडे नको, संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. व्यावसायिक गोल्फपटू फिल मिकेलसनला २०१० मध्ये सोरायटिक संधिवात निघाला. तो सावरला तो योग्य निदान आणि औषधामुळे, आणि २०२१ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप जिंकला. अशा आजारात ग्रिप बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं, आणि तोवर सांधा खराब होत राहतो. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायची सवयही लावून घेऊ नका. ती दुखणं दाबते, आणि मग कुठला बदल लागू पडला हे तुम्हाला किंवा मला कळायला मार्ग राहत नाही.

ग्रिप बदलायला याल तेव्हा सात नंबरचं आयर्न, पटर, वापरून फाटलेले दोन-तीन ग्लोव्ह आणि नेहमीचे बॉल आणा. नव्या ग्रिपवर पहिले दोन आठवडे फक्त पटिंग, चिपिंग (जवळचे छोटे फटके) आणि अर्धे स्विंग ठेवा. हाताला नवी जाडी अंगवळणी पडेपर्यंत तो जुन्या सवयीनेच आवळत राहतो.